निळा जिताडा

मासे गरवायला जाणारा माणूस बरोबर गळ नेतो, दोरी नेतो, जिवंत कोळंबी नेतो, फार तर तंबाखूची पुडी नेतो. हा माणूस कागद न्यायचा. काडेपेटीएवढी वही, तिच्यात पिवळ्या पट्ट्या. खाडीवर पोचलो की आम्ही बाकीचे घाईघाईने गळाला कोळंबी लावायचो. हा उकिडवा बसून एक पट्टी फाडायचा, पाण्यात बुडवायचा आणि तिचा रंग बदलेपर्यंत तिच्याकडे असा बघत राहायचा, की जणू पोटच्या पोराचा दहावीचा निकाल लागतोय. मग वहीच्या पुठ्ठ्यावरच्या रंगांशी ती पट्टी ताडून जाहीर करायचा, "सात. बसायला हरकत नाही."

सात म्हणजे पाणी बरं. त्याच्या खाली गेलं की आंबट, कुठल्यातरी कारखान्याचं आम्ल मिसळलेलं. सहा आला तर हा माणूस पट्टी दुसऱ्या, मोठ्या वहीत चिकटवायचा, तारीख घालायचा आणि सामान आवरायचा. पहाटे पाचला उठून, माझं डिझेल जाळून, बदलापूरहून कल्याणच्या खाली खाडीपर्यंत गेलेलं असायचं. समोर बोयांचे थवे उड्या मारत असायचे. आणि हा म्हणणार, "चला घरी."

"अहो, पण मासे दिसतायत समोर!"

"मासे अडाणी आहेत. तुम्ही कशाला होताय?"

आणि खरंच चालायला लागायचा. मी थांबलो तर एसटीने जायचा, पण जायचा.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो. लिहिताना करणार नाही. तेवढा सूड मला घेऊ द्या.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो लॅबमध्ये होता. सगळे त्याला केमिस्टसाहेब म्हणत, आणि तोही कोणाला दुरुस्त करत नसे. मी त्याच कंपनीत ठेकेदाराचा हमाल होतो, त्यामुळे मला आतली गोष्ट माहीत होती. केमिस्ट दुसरेच होते, सुटाबुटातले. हा त्यांची काचेची भांडी धुवायचा, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचा आणि गेटबाहेरच्या नाल्याचं पाणी रोज एका बाटलीत भरून आणायचा. ते पाणी आणायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी दोनदा मना केलं होतं. तरी आणायचा.

चामटोलीतल्या आमच्या घरात तेव्हा खाणारी तोंडं सात आणि कमावणारा मी एकटा. कंपनीच्या मागे रिकाम्या ड्रमांचा डोंगर पडलेला असायचा. मला वाटलं, उल्हासनगरात पाणी एक दिवसाआड येतं, लोकांना साठवायला ड्रम लागतातच. हे धुऊन विकले तर? याला विचारलं, तर हा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्या डोंगरावर आला. एकेका ड्रममध्ये नाक घालायचा, चूळभर पाणी ओतून पट्टी बुडवायचा आणि मला सांगायचा, "हा घे. हा घे. हा नको. याला हात पण लावू नकोस." तेव्हा तो मला अरे-तुरे करायचा. मी गोदाम घेतलं त्या दिवसापासून मात्र 'शेठ' आणि 'तुम्ही' सुरू झालं. 'शेठ' हा शब्द तो असा उच्चारायचा, की हमाल होतो तेव्हाच बरं होतं असं वाटावं.

लोक म्हणतात, त्याने मला धंद्याला लावलं. मी म्हणतो, त्याने कागद बुडवले, ड्रम मी उचलले.

गळ टाकणं त्यानेच मला शिकवलं, हे खरं. होळी झाली की खाडीचं पाणी तापायला लागतं आणि जिताडा आत चढतो. पहिल्या पावसापर्यंतचे ते अडीच-तीन महिने आमचे. जिताडा आमिष चावत बसत नाही. जिवंत कोळंबी दिसली की एकदम धपकन गिळतो आणि पळत सुटतो. त्या क्षणी दोरी सैल सोडायची, मनात चार आकडे मोजायचे आणि मग हिसका द्यायचा. हे सगळं हा उत्तम शिकवायचा. फक्त स्वतःच्या गळाला मासा लागला की आधी घड्याळ बघायचा आणि वहीत वेळ लिहायचा. त्याची वेळ लिहून होईपर्यंत मासा ठाण्याला पोचायचा. बारा उन्हाळ्यांत त्याला किती जिताडे मिळाले ते मी मोजले नाहीत, पण मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

"मासा कुठे आहे ते शोधू नका," तो सांगायचा. "पाणी कुठे बरं आहे ते शोधा." वाक्य झकास आहे. ते ऐकून मी दर वेळी रिकामा हात हलवत घरी आलोय.

त्याच्याबरोबर बाजारात जाणं ही वेगळीच शिक्षा. उल्हासनगरच्या बाजारात मी घासाघीस शिकलोय. तिथे सिंधी दुकानदाराला 'साईं' म्हणत म्हणत समोरच्याच्या अंगावरचा सदरा विकत घेता आला पाहिजे. जिवंत कोळंबी घ्यायला गेलो की मी मावशीशी अर्धा तास भांडायचो. दोनदा निघून जायचो, दोनदा परत यायचो. ती तयार होत आली की हा मागून पुढे यायचा, तिने पहिल्यांदा सांगितलेला भाव तिच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "कोळंबी मरतेय हो उन्हात."

मावशी मला म्हणायची, "दादा, पुढच्या टायमाला यांना एकट्याला पाठवा. तुमी घरी आराम करा."

पट्ट्यांचं वेड खाडीपुरतं राहिलं असतं तरी मी काही बोललो नसतो. पण तो चहाच्या टपरीवर चहात पट्टी बुडवायचा. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा बायकोने मोठ्या हौसेने केलेल्या बांगड्याच्या कालवणात बुडवली आणि म्हणाला, "साडेचार. वहिनी, चिंच थोडी कमी चालली असती." बायको दोन महिने त्याचं नाव घेऊ देत नव्हती. माझी थोरली मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची. तिला मात्र तो जादूगारच वाटला. त्याने तिला अर्धी वही देऊन टाकली आणि आठवडाभर आमच्या घरात दूध, ताक, साबण, देवाचं तीर्थ, काही म्हणता काही सुटलं नाही. त्या दोघांचं गूळपीठ तेव्हापासूनचं.

दुसरी त्याची खोड म्हणजे निळी बाटली. लॅबमध्ये नियम असतो म्हणे, नापास झालेला नमुना तसाच ठेवायचा नाही. चुकून कोणी वापरला तर घोटाळा होतो. म्हणून त्यात निळा रंग टाकायचा. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, छत्री घेतात. हा त्या रंगाची बाटली घेऊन घरी आला आणि जगातले सगळे नापास नमुने रंगवायला मोकळा झाला. कंपनीत असतानाही त्याने एकदा कँटीनचं नासलेलं दूध निळं केलं होतं. कँटीनवाला त्याचं पनीर करणार होता. तो झारा घेऊन याच्या मागे धावला होता. खाडीवर फुगून आलेला, डोळे पांढरे झालेला मासा दिसला की हा त्याच्यावर दोन थेंब टाकायचा. का, तर कोणी गरिबाने उचलून खाऊ नये. आम्ही हसायचो.

आता मूळ गोष्ट सांगतो. ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ती.

थोरलीचं लग्न ठरत होतं. मुलगा खाडीकाठच्या गावातला, आमच्याच आगरी समाजातला, नोकरीला चांगला. मुलामुलीची पसंती झाली होती. रविवारी मुलाचे वडील घरची माणसं घेऊन बोलणी करायला जेवायला येणार होते. आमच्याकडे सोयरे पहिल्यांदा जेवायला येतात तेव्हा जिताडा लागतो. पापलेट ठेवलं तर खाऊन जातात आणि गावभर सांगतात, जिताडा नव्हता. आणि त्याचं डोकं व्याह्याच्या ताटात पडलं पाहिजे. बाजारात तळ्यातले पाळलेले मिळत होते, पण खाडीकाठच्या माणसाला तळ्यातला मासा पहिल्या घासाला कळतो. मला खाडीचा हवा होता, आणि तो माझ्या हातचा हवा होता. कालचा हमाल कुठवर आलाय ते त्यांना त्या ताटात दिसायला हवं होतं.

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दोघं खाडीवर. पोचलो आणि मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पाण्याच्या वरच्या थरात, काठापासून हातभर अंतरावर, एक जिताडा तोंड उघडत मिटत संथ फिरत होता. पाच किलोला कमी नाही. गळ टाकायचीही गरज नव्हती. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, हातजाळीत घेतला आणि काठावर आणला. नाचलोच म्हणा ना.

हा पट्टी बुडवून बसला होता. पट्टी बघितली, वहीत चिकटवली. उठून आला, जिताड्याच्या गालफडाखाली बोट घालून कल्ले उघडले आणि वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वास घेतला.

"शेठ, हा खाता येणार नाही."

"तुमचं डोकं फिरलंय. जिवंत आहे!"

"अजून आहे."

आणि मी मासा पिशवीत घालतोय तेवढ्यात या माणसाने खिशातून बाटली काढली आणि सगळी, थेंबही न ठेवता, त्या जिताड्यावर रिकामी केली. कल्ल्यांत, तोंडात, पोटावर. चांदीसारखा मासा डोळ्यांदेखत शाईसारखा निळा झाला. मी तो वाचवायला, पुसायला गेलो, तर माझे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे.

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. काठावरचे दोघंतिघं लांब सरकले. तो ऐकत राहिला. मी दमल्यावर म्हणाला, "वास घ्या."

मी घेतला. बदामाच्या बिस्किटांचा वास.

तो वास मला ओळखीचा होता. दोन आठवड्यांपूर्वी मी एका रंगाच्या कारखान्याचे चाळीस ड्रम उचलले होते, स्वस्तात, तळाशी गाळ होता म्हणून. हेच ते ड्रम, ज्यांना हात पण लावू नकोस असं त्याने मला वर्षानुवर्षं सांगितलं होतं. गुरुवारपासून पोरं ते उल्हासनगरच्या गोदामात धूत होती आणि हसत होती, "सेठ, अपना गोदाम तो बेकरी हो गया!" गोदामाचं गटार नाल्याला, नाला वालधुनी नदीला आणि वालधुनी खाडीला. हे भूगोलाच्या पुस्तकात नसलं तरी मला पाठ होतं.

"शंभर लोकांची गटारं येतात इथे," मी म्हणालो.

"येतात," तो म्हणाला आणि वहीत तारीख घालू लागला.

रविवारी पाहुणे आले. बायकोने सुरमई आणि कोंबडीवर वेळ मारून नेली. मी रॉकेलने, लिंबाने, राखेने हात घासले होते. हातांचं कातडं निघालं, निळा निघाला नाही. बसल्या बसल्या होणारे व्याही म्हणाले, "हात कसले हो असे?"

"गोदामात रंगाचं काम काढलंय."

"सवता करता?"

"स्वतः उभं राहिल्याशिवाय काम होत नाही."

"बराबर," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

त्या माणसाला बोलावणं आधीच गेलं होतं, आणि एवढं बोलणं खाऊनही तो इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर. माझ्या समोरच बसला. जेवण मध्यावर आलं तेव्हा व्याही म्हणाले, "काल आमच्या खारीत मासली वर आली. पोरं टोपल्या घेऊन धावली, मीच नको बोललो. कोन सोरतो ते पानी, एकदा घावला पायजे. त्याचं हात तोरून त्याच्याच गल्यात बांधीन." मग याच्याकडे वळले. "काका, तुमी केमिकलवाले. कोनाचं पानी ते तुमाला समजत नाय का?"

मी माझे दोन्ही निळे हात ताटाखाली घेतले.

याने तोंडातला काटा काढला, ताटाच्या कडेला नीट ठेवला. "समजतं," म्हणाला.

त्या एका शब्दाला माझी मुलगी, माझी अब्रू, हमालीपासूनची सगळी वर्षं टांगलेली होती. बायको वाढता वाढता थांबली. तिला काही माहीत नव्हतं, पण माझं तोंड तिला दिसत होतं.

"पण वासावरून कोणाचं नाव घेऊ नये," तो पुढे म्हणाला. "शंभर गटारं येतात."

माझंच वाक्य. माझ्याच ताटासमोर. मग हात धुवायला आत गेला आणि नेहमीसारखा थोरलीशी गप्पा मारत बराच वेळ आतच रमला. बोलणी पक्की झाली.

सोमवारी सकाळी दहाला तो गोदामात उभा. एक ड्रम पालथा घालून गटाराशी बसला, पट्टी बुडवली, वहीत चिकटवली, तारीख घातली. मी पोरांना बाहेर पाठवलं आणि सरळ विचारलं, "बोला, काय पाहिजे?"

"पाणी."

"म्हणजे?"

"या गटारातून सातचं पाणी बाहेर गेलं पाहिजे."

"आत्ता किती आहे?"

"तीन."

"एकदम सात कसं होईल? पाचावर घ्या."

"सात."

"अहो, धंदा आहे. चला, सहा. ना तुमचं ना माझं."

"शेठ," तो म्हणाला, "ही कोथिंबीर नाही."

नुसता आकडा आणून भागलं नाही. वासही जायला हवा होता, आणि तो पट्टीवर दिसत नसला तरी त्याच्या नाकाला दिसायचा. मी सिमेंटचा खड्डा बांधला. त्यात चुना टाकून पाणी निवळायचं, खालचा गाळ टँकरने रीतसर पाठवायचा. गाळाचे ड्रम घेणं बंद केलं. ते माझ्या शेजाऱ्याने घेतले आणि वर्षात दुसरं गोदाम बांधलं. मुलीचं लग्न झालं, तिला मूल झालं, आणि हा माणूस दर सोमवारी दहाला येतच राहिला. सहा वर्षं. पावसात छत्री घेऊन, तापात मफलर बांधून. खाडीचं, जिताड्याचं, त्या जेवणाचं एका शब्दाने नाव नाही. बुडवायचा, चिकटवायचा, चहा प्यायचा, जायचा. मी त्याच्याकडे बघायचो आणि मला त्याच्या मिटल्या तोंडात माझ्या मुलीचा संसार दिसायचा. गुंड हप्ता मागतो तेव्हा निदान त्याच्याशी भांडता येतं. भाव पाडता येतो. हा काही मागतच नव्हता.

या वर्षी संक्रांतीनंतर त्याचे गुडघे गेले. पुतण्या त्याला वांगणीला घेऊन गेला, तिथल्या नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चालू व्हायची आहे. मी पोचवायला गेलो होतो, पेढे घेऊन. दोन सोमवार मी दहा वाजता उगाच गेटकडे बघत बसलो. तिसऱ्या सोमवारी एक ट्रक माती मागवली आणि पोरांना सांगितलं, खड्डा बुजवा.

नेमके त्याच सकाळी व्याही आले. उल्हासनगरात काही काम होतं, म्हणाले, वाट वाकडी केली. मातीचा ढीग बघून थांबले.

"हा खड्डा बुजवताव?"

"जागा अडते हो फार."

"नका बुजवू," ते म्हणाले. "मी गावात सगल्यांना सांगतो, आमच्या व्याह्यांनी चूक केली, पन निस्तरली."

"कसली चूक?"

"आता सहा वर्सांनी काय लपवाचं? ती मासली मेली ती."

मी मातीच्या ढिगावरच टेकलो. "तुम्हाला... त्याने सांगितलं?"

"कोनी? काकांनी? नाय. ते काय बोलले नाय माला. त्यांनी जेवनाच्या दिवशी तुमच्या पोरीला सांगितलं, मोरीपाशी. तिनं दुसऱ्या दिवशी माला फोन केला. पोराला नाय, माला. बोलली, ते पानी आमच्या गोदामाचं होतं. तुमाला चालत नसंल तर आताच सांगा, साखरपुडा नको."

"आणि तुम्ही?"

"दोन दिस जेवान गेलं नाय. मंग बायकोला बोललो, बाप कसा का असंना, पोरगी खोटं बोलत नाय. अशी सून घरात पायजे."

सहा वर्षं. तीनशे सोमवार तरी झाले असतील. ज्या गप्प बसण्याच्या धाकाने मी चुना कालवत होतो, ते गप्प बसणं माझ्या घरातून बाहेर पडायच्या आधीच संपलेलं होतं. त्याला माहीत होतं, माझ्या मुलीला माहीत होतं, व्याह्यांना, विहीणबाईंना, सगळ्या गावाला माहीत होतं. आणि तो माझ्यासमोर पालथ्या ड्रमावर बसून माझ्याच घरचा चहा पीत होता. उभ्या आयुष्यात मला इतकं कोणी फसवलेलं नाही, आणि तेही तोंडातून एक खोटा शब्द न काढता.

"सेठ," पोराने फावडं उचलून विचारलं, "मिट्टी डालूं?"

"दिसत नाही का तुला?" मी त्याच्यावर ओरडलो. "व्याही उभे आहेत, आणि मिट्टी काय डालूं? ट्रक परत पाठव आणि आधी चहा सांग!"